खिळे जुळवणारा पोरगा: व्हिटमन छत्तिसाव्या वर्षी कवी कसा झाला?

आधी प्रश्न सांगतो. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनचं 'लीव्हज ऑफ ग्रास' हे कवितांचं पुस्तक १८५५ साली आलं, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. त्याआधी त्याने वर्तमानपत्रांतून छापलेल्या कविता प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने शोधून वाचल्या आणि ती चक्रावली. यमकं ठाकूनठोकून बसवलेली, विषय मरण आणि माणसाच्या गर्वाची व्यर्थता, भाषा उसनी. हाच माणूस त्या पुस्तकातली 'साँग ऑफ मायसेल्फ' ही कविता कशी लिहितो? तिला आजवर तीन उत्तरं मिळाली आहेत: न्यू ऑर्लिन्समधलं एक गूढ प्रेमप्रकरण, त्या काळचा थोर अमेरिकन निबंधकार इमर्सन याचे निबंध, आणि एखादा आध्यात्मिक साक्षात्कार. यातलं खरं कुठलं, असं तिने विचारलं आहे. पुढचं उत्तर तिलाच उद्देशून आहे.

मी तीसेक वर्षं अमेरिकन कविता शिकवली, आणि व्हिटमन मराठीत आणायच्या खटपटीत त्यातली बरीच वर्षं घालवली. माझं मत असं: प्रेमप्रकरण सोडून द्या, साक्षात्कार बाजूला ठेवा, इमर्सन अर्धा खरा. उरलेलं सगळं व्हिटमनच्या कानांत आणि बोटांत आहे. माझे वडील जुळारी होते, म्हणजे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे, पायाने चालवायच्या ट्रेडल छपाईयंत्राच्या खडखडाटात आमचं लहानपण गेलं, त्यामुळे माझा कल बोटांकडे जरा जास्त झुकतो, हे आधीच कबूल करतो.

इमर्सनने पुस्तक वाचून २१ जुलै १८५५ रोजी व्हिटमनला पत्र लिहिलं. एका थोर कारकिर्दीच्या प्रारंभी तुमचं स्वागत करतो, असं त्यात म्हटलं आणि लगेच पुढे जोडलं की एवढ्या सुरुवातीमागे कुठेतरी लांबलचक पूर्वपीठिका असलीच पाहिजे. तुमचा प्रश्न म्हणजे ही पूर्वपीठिका. तो इमर्सनलाही पडला होता, तेव्हा चक्रावल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

३१ मे १८१९ रोजी न्यूयॉर्कलगतच्या लाँग आयलंड बेटावर, हंटिंग्टनजवळच्या वेस्ट हिल्स गावी त्याचा जन्म झाला. घर वडिलांनी स्वतः बांधलेलं. ते अजून उभं आहे. वडिलांचं नावही वॉल्टर, धंदा सुतारकाम आणि घरबांधणी. आई लुइसा व्हॅन व्हेल्सर, डच वळणाच्या घराण्यातली, आणि तिच्या आईकडून क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचा संस्कार आलेला. नऊ भावंडं, त्यात वॉल्ट दुसरा. एक तान्हेपणीच गेलं. वडिलांचं राजकारण समजून घ्यायचं तर मुलांची नावं बघा: अँड्र्यू जॅक्सन व्हिटमन, जॉर्ज वॉशिंग्टन व्हिटमन, थॉमस जेफरसन व्हिटमन. अमेरिकन क्रांतीतला बंडखोर लेखक टॉमस पेन हा या माणसाचा आदर्श. पंडे-पुरोहितांवर आणि सावकारांवर राग. घरात 'फ्री एन्क्वायरर' हे बंडखोर विचारांचं पत्र यायचं. म्हणजे सामान्य माणूस कुणापेक्षा कमी नाही, ही गोष्ट पोराच्या कानावर ताटावर बसल्या बसल्या पडत होती. पण त्याच बापाला व्यवहार जमला नाही. घर बांधायचं, त्यावर कर्ज, मग घर हातचं जायचं किंवा विकायला लागायचं, आणि बिऱ्हाड पुन्हा हलायचं.

'देअर वॉज अ चाइल्ड वेंट फोर्थ' ही १८५५ च्या पुस्तकातलीच कविता. तिच्यात आई शांतपणे जेवणाची ताटं मांडते, तिच्या कपड्यांना स्वच्छ वास येतो. आणि बाप कणखर, मर्दानी, क्षुद्र, रागीट, अन्यायी. त्याचा फटका, त्याचा चढा आवाज, त्याचा चापून केलेला सौदा. हे शब्द एका दमात, एकाच ओळीच्या आसपास येतात. ही कविता सरळसोट आत्मचरित्र म्हणून वाचू नका, पण बिऱ्हाडं हलवणाऱ्या त्या सुताराच्या घरातली हवा तिच्यात आहे, यात मला शंका नाही.

वॉल्ट चार वर्षांचा व्हायच्या बेतात असताना, मे १८२३ मध्ये, कुटुंब ब्रुकलिनला आलं. आजचं ब्रुकलिन डोळ्यांपुढे आणू नका. तेव्हा ते सात-आठ हजार वस्तीचं गाव होतं, पलीकडे न्यूयॉर्क, मध्ये फेरीबोट. ४ जुलै १८२५ ला तिथल्या कामकरी मुलांच्या वाचनालयाची कोनशिला बसवायला अमेरिकन क्रांतीतला फ्रेंच सेनानी लाफाएत आला होता. गर्दीतली पोरं उचलून सुरक्षित जागी ठेवायला मोठी माणसं मदत करत होती, त्यात लाफाएतने सहा वर्षांच्या वॉल्टला उचललं. ही हकिगत व्हिटमनने पुढे बऱ्याचदा सांगितली आणि दर वेळी ती थोडी वाढत गेली. नंतरच्या आवृत्तीत लाफाएत त्याला छातीशी धरून पापाही घेतो. हे मुद्दाम सांगतोय. व्हिटमनच्या बालपणाबद्दलची निम्मी माहिती व्हिटमननेच पुरवली आहे, आणि स्वतःची दंतकथा रचण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता.

तरी एक आठवण मी पूर्ण विश्वासाने शिकवत आलो. १८२९ च्या नोव्हेंबरातली संध्याकाळ. वडील काम संपवून घरी येतात, हातात सुतारकामातले ढलपे, चुलीसाठी आणलेले. ते स्वयंपाकघराच्या फरशीवर धाडकन टाकतात आणि बायकोला एवढंच म्हणतात: चल, आज रात्री इलायस बोलणार आहे. इलायस हिक्स हा लाँग आयलंडचा क्वेकर धर्मोपदेशक, तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचा, आणि पुढच्या तीन-चार महिन्यांतच वारला. व्हिटमनच्या आजोबांची आणि त्याची ओळख होती. ब्रुकलिन हाइट्सवरच्या एका हॉटेलच्या नाचाच्या दिवाणखान्यात सभा होती. दहा वर्षांच्या वॉल्टलाही बरोबर नेलं. झगमगीत दिवाणखाना, शहरातली प्रतिष्ठित मंडळी, काही नौदलाचे अधिकारी, आणि पुढे साध्या कपड्यातला, काळ्याभोर डोळ्यांचा उंच म्हातारा. तो बराच वेळ काहीच बोलत नाही. मग एकेक शब्द सुटा टाकत सुरू करतो. हळूहळू आवाज वाढत जातो, लय धरते, वाक्यं लाटेसारखी एकावर एक येऊ लागतात.

सत्तरीला टेकलेल्या व्हिटमनने हे लिहून काढलं, तेव्हा भाषणातला मजकूर त्याला फारसा आठवत नव्हता. आवाज मात्र जसाच्या तसा होता. हिक्सची शिकवण अशी की देव पुस्तकात किंवा देवळात शोधू नका, तो तुमच्या आतल्या उजेडात आहे. आपल्याकडे वारकरी कीर्तनात वाढलेल्या माणसाला हे नवं नाही. पण माझा मुद्दा शिकवणीचा नाही. यमक नाही, मोजलेली मात्रा नाही, तरी हजारभर माणसं श्वास रोखून ऐकतात, असं बोलणं असू शकतं, हे या मुलाने दहाव्या वर्षी प्रत्यक्ष ऐकलं. पुढे व्हिटमन महिन्यांना 'चौथा महिना', 'पाचवा महिना' अशी क्वेकर पद्धतीची नावं कवितेत वापरत राहिला, ती त्याच घरातून आलेली.

शाळेबद्दल सांगण्यासारखं कमी. ब्रुकलिनच्या सरकारी शाळेत लँकेस्टर पद्धत होती: एक मास्तर, शंभरावर मुलं, मोठ्या मुलांनी लहानांना घोकून घ्यायचं. (गंमत म्हणजे या पद्धतीचा जुळा भाऊ, अँड्र्यू बेलची 'मद्रास पद्धत', आपल्याकडच्या गावठी शाळांत मुलं वाळूत अक्षरं गिरवतात ते बघून सुचलेली.) त्या मास्तरांना पुढे विचारलं तेव्हा वॉल्ट म्हणजे अंगाने थोराड, स्वभावाने गरीब, दिसायला गबाळा मुलगा, एवढंच आठवलं. अकराव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच.

मग एका वकील बापलेकांच्या कचेरीत पोऱ्या म्हणून नोकरी. त्यातल्या मुलाने, एडवर्ड क्लार्कने, वॉल्टचं अक्षर सुधारून घेतलं आणि फिरत्या वाचनालयाची वर्गणी भरली. हा त्याच्या आयुष्यातला सर्वात स्वस्त आणि सर्वात मोठा उपकार म्हणायला हरकत नाही. पहिल्यांदा 'अरेबियन नाइट्स', मग वॉल्टर स्कॉट, कादंबऱ्या आणि कविता दोन्ही. त्याचं वाचन पुढेही असंच राहिलं, आडवंतिडवं, भूक लागेल तसं.

१८३१ च्या उन्हाळ्यात, बाराव्या वर्षी, तो 'लाँग आयलंड पेट्रियट' या साप्ताहिकाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. माझ्या लेखी त्याचं खरं शिक्षण इथे सुरू होतं.

विल्यम हार्टशॉर्न नावाचा म्हातारा मुद्रक त्याचा गुरू. या म्हाताऱ्याने वॉशिंग्टन आणि जेफरसनला डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पोरांना त्यांच्या गोष्टी सांगायचा. पहिल्या दिवसाचं वर्णन व्हिटमनने तीस वर्षांनी ब्रुकलिनच्या आठवणींत केलं. उमेदवार बुटका, म्हणून पायाखाली खिळ्यांच्या जुन्या पेट्या. स्टिक, म्हणजे खिळ्यांची ओळ जुळवायची हातातली पट्टी, कशी धरायची ते न कळून झालेली तारांबळ. अंगठा स्टिकमध्ये. खिळ्यांच्या खणांची वरची पेटी, म्हणजे केस, हाताला जेमतेम लागते, खालची सोयीची. 'ई'चा खण सगळ्यांत मोठा, कारण इंग्रजीत तेच अक्षर सतत लागतं. शब्दांमधल्या जागेच्या खिळ्यांचा खण बरोबर पोराच्या छातीशी. मोठ्या जागेचे क्वाड लांब, उजव्या कोपऱ्यात.

हे वाचताना मला वडिलांचे हात दिसतात. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून खणांची संख्या इंग्रजीच्या कितीतरी पट, पण शिकण्याची रीत तीच. डोळे छापायच्या मजकुरावर, हात आपोआप खणात. खिळा हाताला लागला की त्याच्या खाचेवरून बाजू कळते. स्टिकमध्ये ओळ उलटी उभी राहते आणि काही महिन्यांत पोरगं ती सरळ वाचावी तशी वाचू लागतं. ओळ भरत आली की मोजमापाशी झगडा: शब्द बसत नाही, जागा पातळ कर, नाहीतर शब्द तोड. आणि कविता जुळवायची असेल तर ओळ संपल्यावर उरलेली जागा क्वाडने भरायची. वाचकाला पांढरी जागा म्हणजे काहीच नाही असं वाटतं. जुळाऱ्याला ती शिशाचा तुकडा असते, वजनासकट, आणि संध्याकाळी खणात परत टाकायची असते.

आता 'साँग ऑफ मायसेल्फ' उघडून बघा. ओळी पानाच्या कडेला धडकून खाली वळतात आणि आत सरकून पुन्हा सुरू होतात. पहिल्या आवृत्तीत वाक्याच्या मध्ये श्वास दाखवायला चार-चार टिंबं आहेत. असा लेखक ओळ बोटांनी मोजतो, कारण कानाने ऐकलेली लांबलचक ओळ कागदावर नेमकी किती जागा खाईल हे त्याला ठाऊक आहे. छंद मोडणं सोपं असतं. छंद मोडल्यावर ओळ कुठे संपवायची, हे ठरवणं अवघड. मुक्तछंद लिहून पाहिलेल्या कुणालाही विचारा. उतारवयात त्याने 'अ फाँट ऑफ टाइप' नावाची छोटी कविता लिहिली. तीत खिळ्यांच्या ढिगात न बोललेले आवाज झोपलेले आहेत: राग, भांडण, प्रार्थना, सगळं.

पुढची पाच वर्षं भराभर सांगतो. १८३२ मध्ये तो 'लाँग आयलंड स्टार'मध्ये गेला. दुसऱ्या वर्षी घरची मंडळी परत गावाकडे गेली, वॉल्ट चौदाव्या वर्षी ब्रुकलिनमध्ये एकटा राहिला. १८३५ मध्ये न्यूयॉर्कला जुळाऱ्याचं काम मिळालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छापखान्यांच्या भागाला आग लागली, डिसेंबरात तर अर्धं व्यापारी शहर जळालं. कामं गेली. १८३६ मध्ये सतरा वर्षांचा हा मुलगा लाँग आयलंडवर खेड्यापाड्यांत मास्तरकी करू लागला, पाच वर्षांत निदान सात-आठ शाळा. एका खोलीत सगळ्या वयाची मुलं, आणि मास्तरचं जेवण-झोपणं पालकांकडे पाळीपाळीने. १८४० च्या उन्हाळ्यात वुडबरीहून त्याने मित्राला लिहिलेली पत्रं सापडली आहेत. त्यांत गावकऱ्यांना, त्यांच्या जेवणाला आणि त्यांच्या अकलेला भरपूर शिव्या आहेत. सामान्य माणसाचा महाकवी एकविसाव्या वर्षी सामान्य माणसाला वैतागला होता, ही गोष्ट मला फार आवडते. त्याच्या प्रेमाला तिच्यामुळे किंमत येते. छडी मात्र तो वापरत नसे, मुलांना प्रश्न विचारून शिकवायचा, असं त्याच्या एका विद्यार्थ्याने म्हातारपणी सांगितलं.

मधेच, १८३८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने हंटिंग्टनला 'लाँग आयलंडर' हे स्वतःचं साप्ताहिक काढलं. छपाईयंत्र आणि खिळे विकत घेतले. संपादक तो, जुळारी तो, छापणारा तो, आणि नीना नावाच्या घोडीवर बसून घरोघर अंक टाकणाराही तोच. शेतकरी वाटेत थांबवायचे, बोलायचे, जेवायला बसवायचे. दहाएक महिन्यांत त्याला कंटाळा आला आणि त्याने पत्र विकलं. ते पुढेही चालू राहिलं, हे त्याचं नशीब. या घोडीवरच्या फेऱ्या मी विद्यार्थ्यांना हमखास सांगतो. आपलं लिखाण आपणच छापून, आपणच वाचकाच्या हातात देणं, मध्ये कुणी नाही. १८५५ चं पुस्तक याच थाटाचं आहे.

आता त्या वाईट कवितांकडे. 'अवर फ्यूचर लॉट' १८३८ ची. माणूस मरतो, मग पुढे काय, अशी विचारणा, आणि यमकं जिथे अपेक्षित तिथेच. तुम्ही म्हणता तशा त्या सुमार आहेतच, त्यांना वाचवायचा प्रयत्न मी करणार नाही. १८४१ मध्ये तो न्यूयॉर्कला परतला आणि कथा लिहू लागला. पहिली गाजलेली कथा एका मास्तराची. तो छडी उगारतो, पण बाकावरचा मुलगा आधीच मेलेला असतो. १८४२ मध्ये 'फ्रँकलिन इव्हान्स' ही दारूबंदीची कादंबरी पैशांसाठी लिहिली. ती वीस हजारांच्या आसपास खपली म्हणतात. त्याच्या हयातीत त्याचं दुसरं कुठलंही पुस्तक इतकं खपलं नाही. म्हातारपणी तो तिला कुजका माल म्हणायचा आणि पोर्ट वाइनच्या जोरावर तीन दिवसांत लिहिली असं सांगायचा. दारूबंदीची कादंबरी, दारूच्या जोरावर! हीही हकिगत थोडी वाढवलेली असेल, पण झकास आहे.

एक नवी गोष्ट जुन्या चरित्रांत तुम्हाला मिळणार नाही. 'जॅक एंगल' नावाची त्याची आणखी एक कादंबरी न्यूयॉर्कच्या एका रविवारच्या वर्तमानपत्रात १८५२ मध्ये निनावी छापली गेली होती. ती व्हिटमनची आहे हे एका तरुण संशोधकाने शोधलं आणि २०१७ मध्ये ती पुन्हा छापली गेली. अनाथ मुलगा, दुष्ट वकील, योगायोग, असा सगळा ठरीव मसाला. म्हणजे महान पुस्तकाच्या तीन वर्षं आधीही तो बाजारू कथानकं विणत होता. साक्षात्काराच्या सिद्धांताला याने बळ मिळतं असं तुम्हाला वाटेल. मला उलटं वाटतं. मध्येच कथानक थांबवून हा लेखक स्मशानात फिरतो, थडग्यांवरची नावं वाचतो, भोवतीच्या गवताकडे बघत बसतो. कादंबरी तिथे बाजूला राहते आणि दुसराच कुणीतरी बोलायला लागतो.

इमर्सनचं अर्धं खरं कसं? मार्च १८४२ मध्ये कवी या विषयावर इमर्सनचं व्याख्यान न्यूयॉर्कमध्ये झालं आणि बावीस वर्षांच्या व्हिटमनने वार्ताहर म्हणून 'अरोरा' या दैनिकात त्याचा वृत्तान्त लिहिला. व्याख्यान त्याला थोर वाटलं. पण त्यानंतर तेरा वर्षं गेली. पुढे त्याने एका मित्राला सांगितलं की मी आधणासारखा हळूहळू तापत होतो, उकळी इमर्सनने आणली. वाक्य नीट ऐका. पाणी आधीच चुलीवर होतं.

१८४६ ते १८४८ तो 'ब्रुकलिन डेली ईगल'चा संपादक. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देऊ नये, या मतावरून मालकाशी बिनसलं आणि नोकरी गेली. त्याला आजच्या अर्थाने वंशभेदविरोधी समजू नका. अग्रलेखांतली मुख्य तक्रार अशी की गुलामगिरी आली की गोऱ्या कष्टकऱ्याच्या मजुरीला किंमत राहत नाही. फेब्रुवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाटकगृहात मध्यंतरात एक माणूस भेटला, पंधरा मिनिटांत सौदा ठरला, आणि दोनशे डॉलर आगाऊ घेऊन व्हिटमन धाकट्या भावासह न्यू ऑर्लिन्सच्या 'क्रेसेंट' पत्रात गेला. तीनेक महिने राहिला. तिथल्या प्रेयसीची दंतकथा उभी राहिली ती मुख्यतः म्हातारपणच्या एका पत्रावरून. एका इंग्रज टीकाकाराने पुरुषांवरच्या प्रेमाबद्दल अडचणीचा प्रश्न विचारला, तेव्हा व्हिटमनने आपल्याला सहा मुलं आहेत असं ठोकून दिलं. त्या मुलांचा मागमूस कधीच लागला नाही. या दंतकथेला आधार म्हणून दाखवतात त्या कवितेचं हस्तलिखित नंतर मिळालं. छापील कवितेत बाई आहे, हस्तलिखितात पुरुष. न्यू ऑर्लिन्सने त्याला दिलं ते वेगळंच. मिसिसिपीचा प्रवास, देशाचा विस्तार, आणि माणसांचे लिलाव. असा एक लिलाव १८५५ च्या पुस्तकात आहे. त्यात कवी म्हणतो, हा लिलाववाला अर्धवट आहे, मालाची किंमत त्याला कळतच नाही, आणि स्वतः शरीराचा एकेक अवयव मोजत त्याची थोरवी सांगू लागतो.

परत आल्यावरची सहा-सात वर्षं, म्हणजे १८४८ ते १८५५, ही तुमच्या प्रबंधाची खरी जागा. एक पत्र काढलं, पहिल्याच अंकानंतर कचेरी आगीत गेली. छोटं दुकान आणि छापखाना चालवला. वडील थकले होते, म्हणून घरं बांधून विकायच्या धंद्यात उतरला. दुपारच्या डब्याबरोबर पुस्तक किंवा मासिक. संध्याकाळी ब्रॉडवेच्या घोडागाड्यांवर हाकणाऱ्याशेजारी बसून गप्पा, आणि रस्त्याच्या गोंगाटात घसा फोडून शेक्सपिअर. कोनी आयलंडच्या निर्मनुष्य किनाऱ्यावर पोहून झाल्यावर लाटांना आणि समुद्रपक्ष्यांना होमर ऐकवायचा. होमरचं 'इलियड' पहिल्यांदा नीट वाचलं तेही लाँग आयलंडच्या ईशान्य टोकाला, खडकांच्या खबदाडीत बसून, गद्य भाषांतरात. गद्यात, हे विसरू नका. होमरच्या लांब लाटा त्याच्या कानावर छंदाविना आल्या, आणि बायबलचं इंग्रजी भाषांतर तर लहानपणापासून तसंच ऐकलेलं: एक ओळ, मग तीच गोष्ट जरा वेगळ्या शब्दांत दुसऱ्या ओळीत.

आणि ऑपेरा. १८४५ मध्ये त्याने एक लेख लिहून परक्या, कसरतबाज गायकीला नाकं मुरडली होती आणि साध्या घरगुती अमेरिकन गाण्याची बाजू घेतली होती. तो लेख छापणारा संपादक म्हणजे कवी-कथाकार एडगर ॲलन पो. मग पत्रकार म्हणून फुकट पास मिळू लागले, हळूहळू कान तयार झाला, आणि १८५२-५३ च्या हंगामात इटालियन ऑपेरा-गायिका मारिएत्ता अल्बोनी न्यूयॉर्कला आली तेव्हा हा माणूस वेडा झाला. तिचे तिथले सगळे खेळ ऐकले असं तो सांगतो. ऑपेरा नसता तर 'लीव्हज ऑफ ग्रास' लिहूच शकलो नसतो, हेही त्याचंच म्हणणं. बोलल्यासारखं गाणं, त्यातून अचानक वर उठणारी लांब तान, परत बोलणं, ही रचना त्याच्या मोठ्या कवितांत सरळ ऐकू येते. ख्याल ऐकणाऱ्याला ती लगेच कळेल. आलापात वेळ काढणारा गवई आणि याद्या करत सुटलेला व्हिटमन, दोघांनाही ऐकणाऱ्याची घाई मान्य नसते.

प्रत्यक्ष बदल कुठे दिसतो, तर वह्यांत. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयातून, म्हणजे 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मधून, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत त्याच्या दहा वह्या हरवल्या. त्यातल्या चार १९९५ मध्ये परत मिळाल्या. त्यांपैकी एक छोटी वही पूर्वी १८४७ ची मानत. आता अभ्यासक ती १८५३-५४ च्या सुमाराची धरतात. तिच्यात हिशेब आहेत, गद्य टिपणं आहेत, आणि मध्येच गद्य तुटून ओळी सुरू होतात: मी गुलामांचा कवी आहे आणि गुलामांच्या मालकांचाही. खिशात मावणारी वही, घरबांधणीच्या खर्चाच्या शेजारी ही ओळ. तुम्हाला साक्षात्कारच हवा असेल तर हाच घ्या, पण तो खर्चाच्या वहीत झाला हे लक्षात ठेवा. या वह्यांच्या प्रतिमा संगणकावर फुकट बघता येतात. चरित्रांच्या आधी त्या बघा.

पुस्तक छापलं ब्रुकलिनमध्ये, रोम बंधूंच्या छोट्या छापखान्यात. त्यांचं नेहमीचं काम कायद्याचे छापील फॉर्म. व्हिटमन रोज जायचा, प्रुफं तपासायचा, आणि दहाएक पानांचे खिळे त्याने स्वतः जुळवले. मोठा, रुंद कागद, हिरवी कापडी बांधणी, ९५ पानं, १२ कविता, एकीलाही तेव्हा वेगळं नाव नाही. ७९५ प्रती. मुखपृष्ठावर कवीचं नाव नाही, समोर फक्त टोपी तिरकी घातलेल्या, शर्टाची कॉलर उघडी ठेवलेल्या माणसाचं चित्र. छपाई चालू असताना त्याने यंत्र थांबवून मजकूर बदलला. एका ओळीत आधी फक्त रात्र तुमच्या-माझ्यासाठी होती. काही प्रती निघाल्यावर तिथे दिवसही आला. म्हणून उरलेल्या प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. हे जुळाऱ्याचंच काम. लेखक छापखान्याला चिठ्ठी पाठवतो. हा स्वतः जुळवलेल्या पानांच्या फर्म्यापाशी उभा होता.

पुस्तक जुलैच्या सुरुवातीला विक्रीला आलं. ११ जुलैला वडील वारले. पंचवीसेक वर्षांपूर्वी पोरांना देशाच्या पुढाऱ्यांची नावं देणाऱ्या त्या माणसाने ते पाहिलं की नाही, कुणालाच माहीत नाही. भाऊ जॉर्जने नंतर सरळ सांगून टाकलं: पुस्तक पाहिलं, वाचण्यासारखं वाटलं नाही, जरा चाळलं. आईलाही त्यातलं काही समजेना. त्याच वर्षी लोकप्रिय कवी लाँगफेलोचं 'हायवाथा' हे दीर्घकाव्य गाजत होतं, तेही घरात आलं. आईने दोन्ही पाहिली आणि म्हणाली, हायवाथा ही कविता असेल, तर वॉल्टचीही असेल बहुतेक.